जंताची गोळी आणि गटारातला नळ

आमच्या शाळेत वर्षातून दोनदा जंताच्या गोळीचा दिवस येतो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. २०१५ पासून हा कार्यक्रम सुरू आहे आणि १ ते १९ वयाच्या प्रत्येक मुलाला अल्बेंडाझोलची गोळी द्यायची असते. वर्गशिक्षकाने समोर उभं राहून गोळी चावून खायला लावायची, कोणी उपाशीपोटी आलंय का, कोणी आजारी आहे का हे विचारायचं, तक्त्यात खूण करायची. मी उर्दू आणि मराठी शिकवतो; पण त्या दिवशी मी अर्धा कंपाउंडर असतो. गेल्या खेपेला सातवीतल्या एका मुलीने गोळी चघळत मला विचारलं, “सर, अब नल का पानी पी सकते ना?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या बाकाकडे वळलो. उत्तर मात्र दिलं नाही. खरं उत्तर द्यायचं तर ते ‘नाही’ असं होतं आणि त्या ‘नाही’च्या मागे एवढं काही होतं की ते तासिकेत मावलं नसतं. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. ते तिच्यापेक्षा मोठ्यांनी वाचावं, कारण दोष तिचा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्याच नावाने उद्या मोहल्ल्यात मेसेज फिरेल. गोळी द्या. गोळी घ्या. पोलिओ असो, गोवर असो, जंत असो, आपल्याकडे प्रत्येक औषधामागे कारस्थान शोधणारे महाभाग आहेत. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि आमच्या भिवंडीत गोवर पसरला, तेव्हा लस न मिळालेल्या लेकरांनी त्याची किंमत मोजली. त्यामुळे गोळीविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं गोळी देऊन हात झटकणाऱ्यांविरुद्ध आहे.

अल्बेंडाझोल गोल जंत, अंकुश जंत, चाबूक जंत यांच्यावर चालते. या जंतांची साखळी मातीतून फिरते. उघड्यावर शौच, त्यातली अंडी मातीत, माती हातावर किंवा न धुतलेल्या भाजीवर, तिथून पोटात. अंकुश जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरतो. नळाच्या पाण्यातून जे येतं ते बहुतेक वेळा वेगळंच असतं. जिआर्डिया, आमांशाचा अमीबा, क्रिप्टोस्पोरिडियम. हे एकपेशी परजीवी आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत आणि सहा महिन्यांतून एकदा दिलेल्या एका गोळीने जात नाहीत. म्हणजे ज्या मुलाचं पोट पाण्यामुळे बिघडलंय, त्याला आपण दुसऱ्याच रोगाचं औषध देतो आणि तक्त्यात खूण करतो. तक्ता भरला की वर कळवलं जातं, एवढी मुलं ‘आच्छादित’ झाली.

पावसाळ्यात माझं हजेरीपत्रक बघा. जुलै-ऑगस्टमध्ये गैरहजेरीच्या चिठ्ठ्यांवर एकच वाक्य असतं, “पेट में दर्द है.” मुलगा चार दिवसांनी येतो, डोळे खोल गेलेले, दप्तर ओझं वाटावं असा. परत आठवड्याने जातो. जिआर्डिया पोरांना एकदम मारत नाही. तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो, खाल्लेली चरबी आणि जीवनसत्त्वं अंगाला लागू देत नाही. आई म्हणते, “खातो तर चांगला, पण अंगाला लागत नाही.” आपण म्हणतो नजर लागली असेल. वर्षभर हेच चालू राहिलं तर मुलाची उंची आणि वजन मागे पडतं. मग आम्ही शिक्षक शेरा लिहितो, ‘अभ्यासात लक्ष नाही.’ कित्येक मुलांच्या प्रगतिपुस्तकावर मी हा शेरा लिहिला आहे. आज लाज वाटते.

आता पाण्याकडे येऊ. भिवंडी हे पाण्याचं दुष्काळी गाव नाही. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या अजस्र जलवाहिन्या आमच्याच तालुक्यातून जातात. तानसा धरण १८९२ चं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे पाणी आमच्या अंगणातून मुंबईकडे चाललंय. पिसे-पांजरापूरला मुंबईचं पाणी उपसलं आणि शुद्ध केलं जातं, तेही आमच्या तालुक्यात. शहराला स्टेमचं पाणी येतं, मुंबई महापालिकेकडून येतं, वऱ्हाळा तलावाचं येतं. केंद्रातून निघताना पाणी साफ असतं, असं मी मानून चालतो. प्रश्न त्यानंतरच्या प्रवासाचा आहे.

हा प्रवास कोणीही डोळ्यांनी बघू शकतो. शांतीनगर, गायबीनगर, खंडूपाडा किंवा कुठल्याही दाट वस्तीच्या गल्लीत उभे राहा आणि खाली बघा. गटाराच्या काठाने, पुष्कळदा गटाराच्या आतूनच, निळ्या-काळ्या नळ्यांची जुडगी गेलेली दिसतील. त्या पिण्याच्या पाण्याच्या नळ्या आहेत. सांधे रबराच्या पट्टीने बांधलेले, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. जोवर नळीत पाणी जोरात वाहतंय तोवर गळती बाहेरच्या बाजूला होते. पण पाणी चोवीस तास येत नाही. ठरलेल्या वेळी येतं आणि जातं. पाणी गेलं की नळी रिकामी होते, आतला दाब उतरतो आणि मग त्याच फटीतून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय असतं? गटार. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की पहिल्या दोन हंड्यांना जो वास येतो, तो या शोषणाचा वास आहे. अम्मी, खाला, आपा या सगळ्या जणी तो वास ओळखतात. पहिलं पाणी त्या धुण्याभांड्याला काढतात आणि नंतरचं ‘साफ’ पाणी पिण्याला. दिसायला साफ.

त्यात भर घालतो आपला मोटारपंप. दाब कमी, म्हणून मी थेट लाइनला मोटार लावतो. माझी बघून शेजारी लावतो. मोटार नळीतून पाणी ओढते तेव्हा पुढच्या नळीत पोकळी तयार होते आणि गल्लीभरच्या सगळ्या फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं. मी हे दुसऱ्याबद्दल सांगत नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याही घरी अशी मोटार होती. तिचं बटण मी स्वतः दाबत होतो आणि त्याच संध्याकाळी मुलांना नागरिकशास्त्राचे प्रश्न तपासून देत होतो.

“पण क्लोरीन टाकतात ना?” टाकतात. टीसीएल पावडर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. क्लोरीन कॉलरा आणि टायफॉइडच्या जंतूंना मारतं, त्याने लाखो जीव वाचवले आहेत. पण अमीबा आणि जिआर्डिया पाण्यात फिरतात ते कवच घालून. त्याला कोष म्हणतात. नेहमीच्या मात्रेचं क्लोरीन या कोषाला सहज भेदत नाही. जिआर्डियाला जास्त मात्रा आणि जास्त वेळ लागतो, क्रिप्टोस्पोरिडियमवर तर क्लोरीनचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. शिवाय नळीत मैला शिरला की तो क्लोरीन खाऊन टाकतो. आजारी माणूस एका दिवसात असे कोट्यवधी कोष बाहेर टाकू शकतो आणि निरोगी माणसाला आजारी पाडायला दहा-वीस पुरतात. हा हिशेब एकदा मनात करून बघा, मग गटारातल्या नळीकडे बघा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या चौघांनी मिळून एका कार्यालयात तक्रार केली. काही दिवसांनी नमुना नेला, अहवाल आला, ‘पिण्यास योग्य’. तो अहवाल खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण तो काय तपासतो हे समजून घ्या. नेहमीची तपासणी कोलिफॉर्म जिवाणूंची असते. भारतीय मानक १०५०० सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय सापडता कामा नये आणि मोकळं क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावं. क्लोरीनने जिवाणू मेले आणि कोष जिवंत राहिले, तर जिवाणूंचा अहवाल स्वच्छ येऊ शकतो. त्यात नमुना कधी घेतला हेही महत्त्वाचं. पाणी येऊन अर्धा तास झाल्यावर घेतलेला नमुना पहिल्या दोन हंड्यांची साक्ष देत नाही. म्हणून ‘पिण्यास योग्य’ हा शब्द कागदावर आला की वाद संपला, असं होत नाही. खरं तर तिथून तो सुरू व्हायला हवा.

आता दोन प्रकारच्या लोकांशी मला भांडायचं आहे.

पहिले ते, जे शहराच्या दुसऱ्या टोकाला किंवा ठाण्या-मुंबईत बसून म्हणतात, “त्यांच्या वस्त्याच तशा. घाणीत राहायची सवय आहे.” हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, प्रशिक्षणात ऐकलंय, ट्रेनमध्ये तर रोज ऐकतो. इंग्रजी अहवालांत हेच जरा सभ्य भाषेत लिहिलेलं असतं, विकसनशील भागातले आजार. जणू परजीवीला पासपोर्ट लागतो. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराची गोष्ट सांगतो. १९९३ च्या वसंतात तिथे क्रिप्टोस्पोरिडियम नळाच्या पाण्यातून घरोघर गेला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. माणसं मेलीही, त्यात एड्सचे रुग्ण जास्त होते. पाणी फुटक्या नळीतून आलं नव्हतं, ते महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रातून गाळून, क्लोरीन घालून आलं होतं. तेव्हा कोणी म्हणालं का, की मिलवॉकीच्या गोऱ्यांना घाणीत राहायची सवय आहे? तिथे गाळण यंत्रणा सुधारली, ओझोनची प्रक्रिया बसवली, तलावातून पाणी उचलण्याची जागा बदलली. तिथला प्रश्न यंत्रणेचा ठरला. इथला प्रश्न माणसाच्या जातीचा आणि धर्माचा ठरतो.

भिवंडीच्या यंत्रमागावर कोण राबतं ते तरी बघा. उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले अन्सारी आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, यादव आहेत, दलित आहेत. एका खोलीत पाळीने झोपतात, खानावळीत जेवतात, मागाच्या कोपऱ्यातल्या पिंपातलं पाणी पितात. पोट बिघडलं की औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोलच्या दोन गोळ्या घेतात, जुलाब थांबले की उरलेल्या फेकतात आणि पुन्हा बारा तासांच्या पाळीवर उभे राहतात. अर्धवट उपचाराने अमीबा जात नाही. पूर्ण उपचारातही आतड्यातले कोष मारायला वेगळं औषध लागतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. काहींच्या बाबतीत तो अमीबा यकृतात जाऊन पू करतो. ताप, उजव्या बरगडीखाली कळ, महिनाभराची मजुरी बुडाली. असा यकृताचा गळू बायकांपेक्षा कर्त्या वयाच्या पुरुषांना जास्त होतो, म्हणजे ज्याच्या मजुरीवर गावाकडचं घर चालतं नेमका तोच आडवा होतो. या माणसाने विणलेलं कापड तुम्ही अंगावर घालता. त्याच्या पाण्याला ‘सवय’ म्हणताना जीभ चाचरत नाही?

आणि “अनधिकृत जोडण्या घेतात, बिल भरत नाहीत” हा युक्तिवादही मी टाळत नाही. घेतात, हे खरं आहे. पण अधिकृत जोडणीसाठी घराचे कागद लागतात आणि भाडेकरूकडे ते नसतात. पाणी तर रोज लागतं. मग प्लंबर येतो, पैसे घेतो आणि गटारातून नळी ओढून देतो. चोरीची म्हणून ती नळी गटारातच राहू दिली, तर तिच्यातून शिरलेला मैला पुढे अधिकृत ग्राहकाच्या घरातही जाणारच. एकाच लाइनवर दोघं आहेत. परजीवी बिलाची पावती बघत नाही.

दुसरे भांडण माझ्या आपल्या माणसांशी आहे आणि ते मला जास्त जिव्हारी लागतं.

पाकीला आपण ईमानाचा निम्मा हिस्सा मानतो. दिवसातून पाच वेळा वजू करणारी ही जमात आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, हे आपल्याला मदरशात अलिफ-बे बरोबर शिकवतात. या शिकवणीवर व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज येतात, “विज्ञानाने आज शोधलं ते आमच्याकडे चौदाशे वर्षांपूर्वी होतं.” खाली पन्नास जण सुबहानल्लाह लिहितात. मेसेज पाठवणाऱ्याच्या घरासमोरच्या गटारात पिण्याची नळी बुडालेली असते.

या शिकवणीचं मोल किती होतं ते कोकणातल्या एका गावाच्या गोष्टीतून सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या दोन डॉक्टरांनी तिथे एक विलक्षण रोग असल्याचं जाहीर केलं. लघवीतून रक्त जाणारा बिल्हार्झिया. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी हजारो वर्षांपासून असलेला हा रोग माणसांत भारतात कुठे आढळत नाही, असं मानलं जात होतं. आजारी माणूस पाण्यात लघवी करतो, त्यातली अंडी फुटतात, अळी पाण्यातल्या एका छोट्या गोगलगायीत शिरते, तिथे वाढते, पुन्हा पाण्यात येते आणि आंघोळीला उतरलेल्या पुढच्या माणसाच्या कातडीतून आत जाते. पाणी प्यायचीही गरज नाही. साखळी तोडायला एकच वागणूक पुरली असती, वाहत्या किंवा साचलेल्या पाण्यात मूत्रविसर्जन न करणं. ती शिकवण देणाऱ्यांना या किड्याचं नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. आपल्यानंतर पाण्याला येणाऱ्या माणसाचा विचार करा, एवढंच तिचं सार आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या शोधाचा अभिमान बाळगणं सोपं आहे. नंतर येणाऱ्या माणसासाठी स्वतःची मोटार काढून ठेवणं अवघड आहे. दीन आपल्याकडे दुसरी गोष्ट मागतो.

मशिदींबद्दलही बोलतो, रागावलात तरी चालेल. वजूच्या हौदाचं आणि टाकीचं पाणी शेवटचं कधी तपासलं? टाकी कधी धुतली? कराचीत २००८ नंतर नेग्लेरिया नावाच्या अमीबाने बळी घेतल्याच्या बातम्या येत राहिल्या. हा अमीबा प्यायल्याने काही करत नाही, नाकातून मेंदूत जातो. त्यातले काही जण तलावात कधी पोहायलाही गेले नव्हते. तिथल्या डॉक्टरांचा संशय वजू करताना नाकात खोल ओढलेल्या, पुरेसं क्लोरीन नसलेल्या पाण्यावर आला. केरळमध्येही अलीकडच्या वर्षांत याच जातीच्या आजाराने माणसं गेली आहेत. हा रोग अतिशय दुर्मीळ आहे, घाबरून वजू सोडण्याचं कारण नाही. पण टाकी धुवायला आणि तिच्यात क्लोरीन ठेवायला कोणता फतवा लागतो? लाउडस्पीकरसाठी, मिनारासाठी, झुंबरासाठी आपण चंदा करतो. टाकीसाठी करत नाही, कारण टाकी दिसत नाही.

आणि आपले प्रतिनिधी? ९० जागांच्या महापालिकेत आपल्या मोहल्ल्यांतून निवडून जाणाऱ्यांची संख्या कधीच कमी नव्हती. निवडणुकीत आपण त्यांना काय विचारलं? आपला उमेदवार, आपला पक्ष, आपली जात, आपली बिरादरी. गल्लीतली नळी गटारातून बाहेर कधी काढणार, हे मी तरी एकाही सभेत कोणाला विचारताना ऐकलं नाही. मीही विचारलं नाही. अन्याय होतो हे खरं, आणि त्या अन्यायावर आपण भाषणाला टाळ्या वाजवून समाधान मानतो हेही खरं.

“हे सगळं होणारच नाही, फार मोठं काम आहे,” असं म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातलीच एक गोष्ट आहे. नारू. चाळिशीच्या आतल्यांना हा शब्द माहीत नसेल, हेच त्या कामाचं यश. हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा किडा माणसाच्या पायातून फोड फोडून बाहेर यायचा. काडीला गुंडाळत गुंडाळत तो रोज थोडा थोडा काढायचा, तुटला तर पाय सुजायचा. इब्न सीनाने आपल्या ‘कानून’मध्ये त्याचं वर्णन केलं आहे, अरबीत त्याला मदिन्याची नस म्हणत आणि आजही त्याच्या शास्त्रीय नावात मदिना आहे. आपल्याकडे त्याचा अड्डा होता पायऱ्यांच्या विहिरीत. नारूवाला माणूस पाणी भरायला पायऱ्या उतरायचा, फोड पाण्यात बुडायचा, अळ्या पाण्यात जायच्या, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव त्या गिळायचा आणि ते पाणी पुढचा माणूस प्यायचा. वर्षभराने त्याच्या पायाला फोड.

या रोगाला ना लस होती, ना किडा मारणारं औषध. गोळी वाटून मोकळं होण्याची सोयच नव्हती! म्हणून सरकारला पाण्याकडेच वळावं लागलं. १९८० च्या दशकात देशभर मोहीम निघाली. महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू या राज्यांत गावोगाव रुग्ण शोधले. पायऱ्या बंद केल्या, विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं, बायकांना दुहेरी फडक्यातून पाणी गाळायला शिकवलं. १९८४ मध्ये देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. जगात १९८६ च्या सुमारास अंदाजे ३५ लाख लोकांना दरवर्षी नारू व्हायचा. २०२३ मध्ये साऱ्या जगात रुग्ण होते १४.

या आकड्यांवरून मी एकच निष्कर्ष काढतो. खेड्यातल्या निरक्षर, गरीब, अनवाणी माणसांचा रोग पाण्याचा रस्ता बदलून संपवता येतो. तो संपवला तेव्हा कोणी म्हटलं नाही की या लोकांना पायऱ्या उतरायची सवयच आहे. पायऱ्याच काढून टाकल्या. आमच्या शहरात मात्र नळी गटारात राहते आणि मुलाच्या तोंडात गोळी जाते. ज्या रोगाला औषध नव्हतं तो गेला. ज्यांना औषध आहे ते राहिले. यावर जरा विचार करा.

आता मागण्या. भाषण करून उठलो तर मीही त्या टाळ्यावाल्यांपैकीच.

पाणी देणाऱ्या यंत्रणेकडे तीन मागण्या आहेत. पहिली, पिण्याची प्रत्येक नळी गटाराच्या वर आणि गटारापासून दूर न्या, दाट वस्त्यांपासून सुरुवात करा आणि कोणत्या गल्लीचं काम कधी होणार याची यादी वॉर्डात लावा. दुसरी, क्लोरीनची ओटी चाचणी पाणी येताच पहिल्या दहा मिनिटांत, गल्लीच्या शेवटच्या घरी करा. नळीत दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, सातवीतली मुलगीसुद्धा ही चाचणी करू शकते. निकाल फळ्यावर लिहा. तिसरी, पावसाळ्यात शहरातल्या दवाखान्यांत आलेल्या पोटाच्या रुग्णांच्या शौचाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी मोफत करा. एका नमुन्यात कोष दिसतीलच असं नाही, वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने लागतात. कोणत्या गल्लीत काय सापडलं हे कळल्याशिवाय कोणती नळी फुटली हे कळणार नाही.

शाळांकडे, म्हणजे माझ्याच बिरादरीकडे: टाकीचं झाकण, टाकी धुतल्याची तारीख आणि संडासाबाहेर साबण. गोळीच्या दिवशी मुलांना हेही सांगा की ही गोळी कशासाठी आहे आणि कशासाठी नाही.

मशिदींच्या ट्रस्टींकडे: वर्षातून एक जुम्मा पाण्याच्या नावाने द्या. खुत्ब्यात इमामसाहेबांनी मोटारीबद्दल बोलावं. शेजाऱ्याचा हक्क हा विषय आपल्याला नवा नाही. त्याच्या हंड्यात गटार ओढणारी मोटार त्या हक्कात बसते की नाही, एवढंच विचारावं.

आणि घरांकडे: खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पाणी उकळू द्या, यातला एकही कोष त्यातून वाचत नाही. फडक्याने नारूचा सायक्लॉप्स अडायचा, जिआर्डिया अडत नाही, तो फडक्याच्या छिद्रांतून आरामात जातो. गॅस महाग आहे हे मला माहीत आहे. म्हणून सगळं नाही तर निदान लहान मुलांचं, गरोदर बाईचं आणि आजाऱ्याचं पाणी उकळा. चांगली सिरॅमिक कँडल बसवलेला गाळणीचा डबा जमला तर घ्या, तीही वेळेवर घासा आणि बदला. थंडगार पाण्याचा जार म्हणजे शुद्ध पाणी असं समजू नका. ज्या जारवर भरणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, त्यात फक्त थंडपणा विकत मिळतो. आणि मोटार काढा. मी काढली तेव्हा घरात दोन महिने भांडण झालं, खालच्या टाकीत पाणी साठवून तिथून वर चढवायची सोय करेपर्यंत पहाटे उठून हंडे भरले. पण लाइनवरून मोटार निघाली. आमच्या इमारतीत अजून पाच बाकी आहेत.

हे घरचे उपाय सांगताना मला भीती वाटते की उद्या कोणी म्हणेल, “बघा, सर स्वतःच म्हणाले, पाणी उकळून प्या.” म्हणून स्पष्ट लिहितो. उकळणं हा आमचा नाइलाज आहे, यंत्रणेची सुटका नाही. ज्या शहराच्या अंगणातून मुंबईचं पाणी जातं, त्या शहरातल्या आईने प्रत्येक हंड्यामागे गॅस जाळावा आणि त्याला तिची जागरूकता म्हणावं, हे मला मान्य नाही.

येत्या १० तारखेला मी पुन्हा गोळ्यांचा डबा घेऊन वर्गात उभा राहीन. ती मुलगी आता पुढच्या इयत्तेत गेली आहे, पण प्रश्न विचारणारं कोणीतरी असेलच. या वेळी मी हसून पुढे जाणार नाही. सांगेन, “नाही बेटा, अजून नाही. पण कोणाला विचारायचं ते तुला सांगतो.” आणि फळ्यावर तिच्या वॉर्डाचा नंबर लिहीन.